वरच्या चित्रात नसलेली लाईन

रावेरकडे मामांची केळीची बाग आहे, तिथलं ठिबकचं ऑटोमेशन मी करतोय. एक कंट्रोलर, मोटरचा स्टार्टर, सहा व्हॉल्व्ह. मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एक तरी व्हॉल्व्ह उघडा असल्याशिवाय मोटर चालू व्हायला नको रे, सबमेन फुटते." सबमेन म्हणजे बागेत पाणी नेणारा पाईप.

माझ्यासाठी हे एक वाक्य म्हणजेच सगळ्यात वरचं मॉडेल, म्हणजे सिस्टीमचं सगळ्यात ढोबळ वर्णन. संगणकशास्त्रज्ञ निकलाऊस विर्थने 1971 मध्ये प्रोग्राम पायरी-पायरीने बारीक करत न्यायची पद्धत मांडली, आणि झां-रेमों आब्रियालच्या इव्हेंट-बी या पद्धतीत तर प्रत्येक पायरीला गणिती पुरावा द्यावा लागतो की वरची अट खाली मोडलेली नाही. पॅरिस मेट्रोची 1998 ला सुरू झालेली बिनड्रायव्हरची 14 नंबरची लाईन, तिचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर आब्रियालच्याच बी-मेथड या पद्धतीने केलंय.

मी पण तसंच केलं. वरच्या पायरीत व्हॉल्व्ह उघडा किंवा बंद, बस. खालच्या पायरीत मात्र रेडिओचे मेसेज आले, आणि मेसेज उशिरा पोचतो, कधी हरवतो, मग कंट्रोलरच्या नोंदीत एक आणि वावरात भलतंच. यावर दोन पायऱ्यांना जोडणारी अट अशी धरली की नोंदीत "उघडा" असेल तर तो खरोखर उघडाच असला पाहिजे, उलटं नसलं तरी चालेल. म्हणून उघडताना व्हॉल्व्हकडून उत्तर आल्यावरच नोंद करायची, आणि बंद करताना आधी नोंद पुसायची मग मेसेज पाठवायचा. एवढा क्रम सापडायला मला चार रात्री लागल्या, पण पुरावा बसला तेव्हा फार बरं वाटलं.

आणि तरीही सबमेनचा जॉइंट फुटला.

झालं असं की टेस्टिंगला सोपं पडावं म्हणून मी फोनवरून थेट स्टार्टरला जाणारी एक लाईन ठेवली होती, आणि मामेभावाने रात्री लाईट आल्यावर तिच्यावरूनच मोटर चालू केली. पुरावा कंट्रोलरचा होता, ही लाईन पुराव्यात कुठेच नव्हती.

मोरिकोनी, चियान आणि रीमेनश्नायडर यांचा 1995 चा आर्किटेक्चर रिफाइनमेंटवरचा, म्हणजे सिस्टीमचे भाग आणि जोडण्या यांचं चित्र पायरी-पायरीने बारीक करण्यावरचा पेपर मी नंतर नीट वाचला. त्यांचं म्हणणं, वरचं सगळं खाली खरं ठरणं पुरेसं नाही. आर्किटेक्चरच्या चित्रात दोन भागांमध्ये जोडणी दाखवली नाही म्हणजे ती नाहीच असं धरायचं, आणि खालच्या चित्राने त्या वरच्या भागांत नवी जोडणी गुपचूप आणायची नाही. मला हे आधी अति कडक वाटायचं, आता ते या विषयाचं मर्म वाटतं.

आता फोन फक्त कंट्रोलरशी बोलतो. मग स्टार्टरकडे अजून कोण कोण जातं ते बघायला बसलो तर मामांनी बसवलेला ऑटो दिसला, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. तो काढायला मामा तयार नाहीत, रात्री दोनला लाईट येते तेव्हा वावरात कोण जाणार, त्यांचंही बरोबरच आहे. म्हणून ऑटो आता सगळ्यात वरच्या मॉडेलमध्येच घेतलाय, आणि घेतल्याबरोबर पहिली अटच सिद्ध होईना, कारण लाईट गेली की आमचे सहाही व्हॉल्व्ह बंद होतात. निदान एक तरी लाईट गेल्यावर आहे तसाच राहणारा लॅचिंगवाला बसवून कायम उघडा ठेवावा लागेल, तो आणायला उद्या जळगावला जातोय.