सकाळी बक्षीसपत्र, दुपारी घटस्फोट

दुय्यम निबंधक कार्यालयात नवऱ्याच्या फ्लॅटमधल्या हिश्शाचं बक्षीसपत्र बायकोच्या नावे नोंदवायचं होतं. आमचं टोकन १४ नंबरचं होतं आणि अकरा चाळीसला पडद्यावर ६ नंबरच चालू होता. सर्व्हर बंद. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात याच नवरा-बायकोला परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी उभं राहायचं होतं. दोन्ही कामं एका दिवसात आणि याच क्रमाने व्हायला हवी होती. क्रम उलटला असता तर माझ्या पक्षकार बाईंना काही लाखांचा फटका बसला असता.

ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलून सांगते. फ्लॅट दोघांच्या नावावर, आजचा भाव ९६ लाख, कर्जाची बाकी ३१ लाख ४० हजार. हप्ते नवऱ्याच्या पगारातून गेलेले; सुरुवातीच्या भरण्यात सात लाख तिच्या वडिलांचे. तिचा पगार हातात ६२ हजार, मुलगा नऊ वर्षांचा. विधी सेवा प्राधिकरणाकडून ही फाइल आली तेव्हा बाईंचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, मला पगार आहे, मग मोफत वकील कसा मिळेल?" मिळतो. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते.

दुसरा प्रश्न नेहमीचाच: "निम्मं माझं ना?" आपल्याकडे घटस्फोटात निम्मं-निम्मं असा कायदा नाही. गोव्यात आहे, तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक होते. महाराष्ट्रात आधी खरेदीखत बघायचं. त्यात हिस्से लिहिलेले नसले की मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागतं: ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसेल तर समान धरायचा. म्हणून वडिलांच्या सात लाखांचं बँक स्टेटमेंट पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं. दहा वर्षांपूर्वीचं स्टेटमेंट मिळायला शाखेत तीन चकरा झाल्या, पण बोलणी त्या कागदावरच हलली. शेवटी फ्लॅट बाईंकडे, उरलेलं कर्जही बाईंकडे, त्याने एकरकमी १४ लाख द्यायचे आणि मुलाचा महिन्याचा खर्च वेगळा, असं ठरलं.

माणसं इथे थांबतात. संमतीच्या अटींत 'यापुढे कर्जाचे हप्ते पत्नी भरेल' असं एक वाक्य टाकतात आणि मोकळी होतात. बँक त्या अटींत पक्षकार नसते. दोघं सहकर्जदार असतील तर एकाने हप्ता चुकवला की बँक दुसऱ्याकडून पूर्ण रक्कम मागू शकते, हुकूमनाम्यात (न्यायालयाच्या अंतिम आदेशात) काहीही लिहिलेलं असो. नवऱ्याचं नाव कर्जातून काढायचं तर बँक एकट्या बाईंची पात्रता नव्याने तपासते. आमचा अर्ज पहिल्या खेपेला तिथेच परत आला. ३१ लाख ४० हजारांवर उरलेल्या बारा वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी हप्ता ३४,८५० च्या आसपास बसत होता. ६२ हजार पगारात निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्याला जाते म्हटल्यावर बँकेने नकार दिला.

मुदत वीस वर्षं केली असती तर हप्ता सव्वासत्तावीस हजारांवर आला असता. बाई अडतीस वर्षांच्या, म्हणजे कर्ज अठ्ठावन्नाव्या वर्षी फिटलं असतं. मला ते पटेना. त्यापेक्षा त्याच्या १४ लाखांपैकी ८ लाख आधीच थेट कर्जखात्यात भरून घेतले. बाकी २३ लाख ४० हजारांवर आली, हप्ता २६ हजारांवर, आणि बँकेने होकार दिला. आपले पैसे हुकूमनाम्याआधीच जाणार म्हणून त्याच्या वकिलांनी कुरकुर केली. पण कर्ज त्याच्याही डोक्यावर होतं. घटस्फोट फिसकटला असता तरी ते आठ लाख त्याच्याच कर्जातून वजा झाले असते.

आता क्रमाचं. महाराष्ट्रात राहतं घर नवरा किंवा बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं. महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा, तो किती हे आधीच विचारून ठेवावं. ही सवलत 'पत्नी'ला आहे. हुकूमनामा झाला की ती पत्नी राहत नाही. मग अर्ध्या हिश्शाच्या बाजारमूल्यावर, म्हणजे ४८ लाखांवर, सहा-सात टक्के. आयकरातही जोडीदाराकडून मिळालेली भेट करमुक्त असते, माजी जोडीदाराकडून मिळालेली तशी नसते.

नवऱ्याची भीतीही खोटी नव्हती. परस्पर संमतीच्या अर्जात हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे. आणि नोंदवलेलं बक्षीसपत्र नंतर मनाला आलं म्हणून रद्द करता येत नाही. त्याने फ्लॅट दिला आणि दुपारी तिने संमती नाकारली, तर? दोन्ही एकाच दिवशी करायचं ठरलं ते म्हणून.

त्या बाजूने आलेल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'पोटगीचा हक्क सोडल्याच्या मोबदल्यात फ्लॅटमधील हिस्सा देत आहे.' बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. 'मोबदला' हा एक शब्द कागदावर आला की मुद्रांक विभागाला ते बक्षीसपत्र न मानता पूर्ण शुल्क मागता येतं. इथे पोटगीचा हिशेब १४ लाखांत वेगळा झालेला होता, त्यामुळे ते वाक्य खरंही नव्हतं; काढायला लावलं. खरोखरच अदलाबदल असेल तर शब्द फिरवून लपवू नये. फ्लॅटचं पूर्ण वर्णन मूळ अर्जातच घालावं, म्हणजे तडजोडीच्या हुकूमनाम्यात तो दाव्याचाच विषय राहतो, आणि शुल्क किती हे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधी ठरवून घ्यावं.

फ्लॅट गहाण असल्यामुळे बँकेचं ना-हरकत पत्रही लागलं, आणि त्याची मुदत महिन्याभराची. त्यातच आदल्या सोमवारी नवऱ्याने उरलेल्या ६ लाखांचा डिमांड ड्राफ्ट दाखवला, तर त्यावरची तारीख पावणेचार महिन्यांपूर्वीची. ड्राफ्ट तीन महिनेच चालतो. अर्ज दाखल करताना त्याने हौसेने काढून ठेवला होता. परस्पर संमतीच्या अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ करण्याच्या अर्जावर तारखा पडत गेल्या आणि ड्राफ्ट शिळा झाला. दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत होते आणि काही वाद उरला नव्हता, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे माफी मिळाली, पण ड्राफ्ट त्याला बँकेकडून पुन्हा वैध करून आणावा लागला.

लॉकरमधल्या दागिन्यांचं काम महिनाभर आधी उरकलं होतं. स्त्रीधन तिचंच, त्यावर वाद नव्हता. वाद वजनाचा झाला. लग्नाच्या यादीला आजीच्या हातची जुनी चिठ्ठी टाचलेली होती: 'पाटल्या ४ तोळे'. सराफाच्या काट्यावर भरल्या ४६.४२ ग्रॅम. नणंदबाई म्हणाल्या, चार तोळे म्हणजे चाळीस ग्रॅम, वरचे सहा ग्रॅम आमच्याकडून घातलेत. सराफाने चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, आजींच्या वेळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. चार तोळ्यांचे झाले साडेशेहेचाळीसच्या वर. उरलेलं हातावर झिजलं." नणंदबाईंनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली आणि परत दिली. ठुशीच्या मण्यांत लाख भरलेली होती, म्हणून पंचनाम्यात एकूण वजन आणि निव्वळ सोनं असे दोन रकाने केले. एकच रकाना ठेवला की पुढे पावतीशी ताळा लागत नाही.

सर्व्हर सव्वाबाराला सुरू झाला. एकला आमचा नंबर आला. दोन साक्षीदार लागतात. एक होता, दुसरा चहाला गेलेला. तो आला, तर नवऱ्याचा अंगठा मशीन घेईना. तीनदा पुसून चौथ्यांदा घेतला. एक पन्नासला नोंदणी झाली, पावती हातात पडली आणि रिक्षा केली.

न्यायालयात दोन्ही वकिलांची पुरसिस (न्यायालयाला द्यायचं लेखी निवेदन) तयार होती: आठ लाख कर्जखात्यात भरल्याची पावती, नोंदवलेल्या बक्षीसपत्राचा क्रमांक, बँकेचं मंजुरीपत्र, लॉकरचा पंचनामा, ड्राफ्टची झेरॉक्स. न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळं विचारलं, दबाव नाही ना, अटी समजल्या ना. मुलाच्या खर्चाच्या कलमावर त्या थांबल्या. मुलाचा खर्च आईबापांना आपापसात माफ करता येत नाही, हे त्यांनी नवऱ्याला मुद्दाम ऐकवलं. आमच्या मसुद्यात दरमहा १५ हजार आणि दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ होती. पण कोणत्या तारखेपासून हे लिहायचं राहून गेलं होतं. मी हाताने तारीख घातली, चौघांनी बाजूला सह्या केल्या. ड्राफ्ट न्यायाधीशांसमोर दिला-घेतला गेला. पावणेपाचला आदेश झाला.

पुढच्या आठवड्यात बाईंनी एकटीच्या नावाचा कर्जकरार केला, बँकेकडून नवऱ्याला मुक्त केल्याचं पत्र घेतलं, इंडेक्स दोन (नोंदणीचा उतारा) घेऊन सोसायटीत भागपत्रावरचं (शेअर सर्टिफिकेटवरचं) नाव बदलायला अर्ज दिला. मी त्यांना नामनिर्देशनांची यादी करून दिली होती: भविष्यनिर्वाह निधी, विमा, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, माझं सगळं बदललं. पण त्यांच्या विम्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर आलाय. नॉमिनी अजून मीच आहे. सांगू का त्यांना?"

"सांगा," म्हटलं. "आणि तुमचा नंबरही त्यातून काढायला लावा."