बंद कारखान्याचं रिटर्न

डिसेंबर 2019. सोलापुरात कन्ना चौकातल्या माझ्या कर सल्ल्याच्या ऑफिसात चार मागांचा एक कारखानदार आला. टेबलावर कापडी पिशवी उपडी केली: सुताची बिलं, लाईटबिलं आणि जीएसटीची एक नोटीस.

"सर, माग दिवाळीलाच भंगारात घातले. ह्या नव्हे, मागच्या. मशिनच नाहीत की ओ, रिटर्न कशाचं भरायचं?"

कशाचंच नाही, तरी भरायचं. विक्री शून्य असली तरी नोंदणी जिवंत असते आणि प्रत्येक महिन्याच्या रिटर्नला उशिराचे तेव्हा दिवसाला 20 रुपये लागत. एकच महिना वर्षभर राहिला की 7,300 होत. त्यात जुनं भरल्याशिवाय जीएसटीचं पोर्टल पुढचं घेत नाही. बेरीज 45,000 च्या वर गेली. भंगारवाल्यानं किलोवर मोजून दिलेले दोन-तीन मागांचे पैसे त्यात जाणार होते.

जीएसटीआधी सोलापुरी चादर आणि टॉवेलला राज्याच्या व्हॅटमध्ये माफी होती. दर बजेटला ती वाढवून मिळे, आणि पेठेत तेवढीच बातमी वाचली जाई. 1 जुलै 2017 पासून 5 टक्के आले, हजाराच्या वरच्या नगाला 12. ह्यांची उलाढाल 20 लाखांच्या आतच होती, तेवढ्यावर एरवी नोंदणी लागत नसे, पण माल हैदराबादच्या व्यापाऱ्याला जायचा. राज्याबाहेर विक्री म्हटल्यावर ती सवलत संपली, नोंदणी सक्तीची झाली.

सगळं जीएसटीनंच मारलं असं मी म्हणणार नाही. पानिपतच्या मिंक ब्लँकेटनं चादरीचं गिऱ्हाईक आधीच पळवलं होतं. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत आठवड्याचा पगार वाटायला रोकड नव्हती, तेव्हा मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या बायका विडीच्या कामाकडे वळल्या त्या वळल्याच. 1991 च्या सुधारणा आणणारे मनमोहन सिंग राज्यसभेत नोटाबंदीला संघटित लूट म्हणाले, ते इथं बऱ्याच जणांना पटलं. दुसरी बाजूही आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या मोठ्या पक्षकारांना सुतावरच्या कराची वजावट मिळते, नाक्यांवरची अडवणूक गेली, ते जीएसटीवर खूश आहेत. आणि खरं सांगायचं तर आमचा धंदाही त्यानंतरच वाढला. पण ज्याच्याकडे हिशेबनीस नाही, त्याचा विचार हा कायदा लिहिताना कुणी केला होता असं वाटत नाही.

मी म्हणालो, थोडं थांबा, एखादी सवलत निघेल. मागं एकदा निघाली होती. ते ऐकेनात. "नावावर सरकारची बाकी नको." पोरीचं लग्न ठरत होतं. पैसे भरले, नोंदणी रद्द करून घेतली.

पुढच्या जूनमध्ये अधिसूचना आली. जानेवारी 2020 पर्यंतची शून्य कराची रिटर्न सप्टेंबरअखेर भरली तर उशिराचा दंड पूर्ण माफ. आधी भरलेला मात्र परत नाही. मी फोन करून सांगितलं.

"म्हणजे भरलं नसतं तर सुटलो असतो?"

"हो."

पलीकडून तेलुगूत काहीतरी आलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. चार दिवसांनी मास्क लावून दोन शेजाऱ्यांना घेऊन आले. त्यांचेही माग गेले होते, रिटर्न राहिली होती. "ह्यांचं तरी फुकटात करून द्या की ओ," म्हणाले. सरकारी दंड शून्य होता. माझी फी मी निम्मी घेतली.