तुम्ही विचारलंत म्हणून: महाबळेश्वरच्या हिमकणांचे फोटो कसे काढायचे?

डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या जेट्टीवर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसला की वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात आणि पाठोपाठ प्रश्नही येतो: महाबळेश्वरला खरंच बर्फ पडतो का, आणि कधी आलो तर फोटो मिळतील?

बर्फ पडत नाही. जे दिसतं ते वरून येत नाही, पानावरच तयार होतं. हे आधी पक्कं लक्षात घ्या, कारण सगळं छायाचित्रण त्यावर ठरतं. पांढरा गालिचा शोधत आलेला माणूस उभ्यानं मोठं दृश्य टिपतो आणि फोटोत नुसतं करडं गवत येतं. इथला हिम एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा. त्याचं सौंदर्य पानाच्या कडेला, लवेच्या टोकाला, कुंपणाच्या तारेवर असतं. खाली बसल्याशिवाय ते दिसत नाही.

थंडी कुठे साचते ते आधी पाहू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर उंचावर आहे, पण हिम गावातल्या सर्वांत उंच जागी सापडत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. त्यांना लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि उताराने खाली सरकत खोलगट भागात साचते. वेण्णा तलावाचा काठ आणि लिंगमळ्याच्या बाजूची शेतं अशाच सखल जागी आहेत. म्हणून बातमीत किमान तापमान सात-आठ अंश असलं तरी निराश होऊ नका. हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, आडोशाच्या पेटीत असतो. गवताचं पातं त्याहून चार-पाच अंशांनी गार असू शकतं, आणि खोलगट जागेत आणखी गार.

रात्री नऊ-दहाला बाहेर येऊन तीन गोष्टी बघा. चांदण्या स्वच्छ दिसतात का, कारण ढग असले तर ते पांघरुणाचं काम करतात. झाडाचं पान हलतंय का, कारण वारा वरची उबदार हवा खाली आणून मिसळतो. आणि गवताला हात लावला तर दव लागतं का. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. हवा फार कोरडी असली तर पारा खाली जातो, कोवळी पानं काळीही पडतात, पण पांढरं काही दिसत नाही. थंडीच्या लाटेच्या पहिल्या रात्री उत्तरेचा कोरडा वारा असतो. तो पडल्यावरची दुसरी-तिसरी रात्र बहुतेकदा जास्त फळते. ज्याला मुक्काम वाढवणं शक्य आहे, त्यानं तो वाढवावा.

सूर्योदय या दिवसांत सातच्या थोडा पुढे होतो. बाजारपेठेपासून तलाव दोनेक किलोमीटरवर आहे. सहाला तिथे असावं. झाडाखाली शोधत बसू नका. फांद्यांचं छत जमिनीची उष्णता परत खाली पाठवतं, तिथे हिम धरत नाही. उघड्यावरचं वाळकं गवत सर्वांत आधी पांढरं होतं, कारण त्याच्यापर्यंत मातीची ऊब पोचत नाही.

आता स्ट्रॉबेरी. बागेतल्या सगळ्या झाडांत हिमाच्या फोटोसाठी इतकं देखणं झाड मला दुसरं माहीत नाही. पान तीन दलांचं, प्रत्येक दलाची कड करवतीसारखी दातेरी. रात्री मुळं पाणी ओढत राहतात, पण पानातून बाष्प उडत नाही. तेव्हा जास्तीचं पाणी दात्यांच्या टोकांवरच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. प्रत्येक दात्यावर एक थेंब, अगदी ओळीनं. हे दव नव्हे, झाडाचं स्वतःचं पाणी. पहाटे हे थेंब गोठतात आणि पारदर्शक काचमण्यांची झालर तयार होते. त्याच पानाच्या पृष्ठभागावर आणि देठाच्या लवेवर मात्र हवेतलं बाष्प थेट बर्फ होऊन बसतं. ते पांढरं, सुयांसारखं, पिसासारखं असतं. दोन प्रकारचा बर्फ एकाच पानावर. मण्यांना मागून उजेड लागतो, सुयांना बाजूनं. दोन्ही एकाच फोटोत हवं असेल तर उजेड मागच्या कोपऱ्यातून तिरपा घ्या.

कॅमेऱ्यावर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स असली की काम सोपं. वस्तूपासून अंतर राहतं, त्यामुळे श्वासानं हिम वितळत नाही. तोंडाला मफलर बांधा, श्वास बाजूला सोडा. अर्ध्या फुटावरून दोन-तीन उच्छ्वास पडले तरी सुयांची टोकं गेलेली असतात आणि पडद्यावर ते लगेच कळतही नाही. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवा. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर वस्तू १:१, म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराइतकीच, घेतली तर एफ/८ला जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. म्हणून सेन्सर पानाच्या पातळीला समांतर धरा. खोली वाढवायची म्हणून एफ/२२ करू नका. इतक्या जवळून प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे, सगळंच मऊ होतं. त्यापेक्षा फोकस थोडा थोडा सरकवत आठ-दहा फोटो घ्या आणि घरी एकत्र करा. हे ऊन येण्याआधीच करायचं. ऊन लागल्यावर पहिल्या आणि शेवटच्या फोटोत स्फटिकांचा आकारच बदललेला असतो.

उजाडताना आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४००, एफ/८ धरला तर शटर १/१५ ते १/४ सेकंद मिळतं. ट्रायपॉड लागणारच, तोही मधला दांडा न उचलता, पाय पसरून. दोन सेकंदांचा टायमर लावा.

सर्वांत जास्त फोटो बिघडतात ते उजेडाच्या मोजणीत. चौकटभर पांढरं हिम असेल तर कॅमेरा त्याला करडं करतो. तिथे एक्स्पोजर +०.७ ते +१.३ वाढवा. पण स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यावर काळा मल्चिंग पेपर (माती झाकणारा प्लास्टिकचा कागद) असतो. एकच पांढरी कड आणि मागे सगळा काळा कागद असला की कॅमेरा उलटा फसतो, काळ्याला उजळवू पाहतो आणि हिमाचा पांढरा ठिपका करून टाकतो. तिथे −०.७ ते −१ घ्या. ‘बर्फ म्हणजे प्लस’ हा सरधोपट सल्ला इथे चालत नाही. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देऊ नका आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, टिपा.

काळी पार्श्वभूमी ही या शेतांची देणगी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको गावी, विल्सन बेंटलीनं १८८५ साली सूक्ष्मदर्शकातून हिमस्फटिकाचा फोटो काढला आणि पुढे असे हजारो फोटो घेतले. पांढरा स्फटिक पांढऱ्यावर हरवतो म्हणून तो निगेटिव्हवरचा भोवतालचा थर खरवडून पार्श्वभूमी काळी करायचा. तुम्हाला फक्त कॅमेरा इंचभर खाली घ्यायचा आहे.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर पहाटेची निळाई निघून जाते. ५२००–५५०० केल्व्हिन ठेवा. मला ५८००च्या आसपास बरं वाटतं. पानांचा हिरवा जिवंत राहतो आणि सावलीत थोडा निळा उरतो. ऊन पहिल्यांदा टेकतं तेव्हा एक कड सोनेरी आणि दुसरी निळी असा अर्धा पाऊण तास, कधी वीसच मिनिटं मिळतात. आधीच जागा, कोन, चौकट ठरवून ठेवलेली असेल तरच ती पुरतात. समोरून फ्लॅश मारू नका, सगळे स्फटिक सपाट होतात. छोटा एलईडी टॉर्च हातभर अंतरावरून, पानाच्या पातळीत, बाजूनं धरा.

मोबाइलवाल्यांनी मॅक्रो मोडचा मोह टाळावा. अनेक फोनमध्ये त्यासाठी दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं. फोनची सावली पडते, श्वास लागतो. टेलि (दूरचं जवळ आणणारा) कॅमेरा असेल तर दोन-तीन पट झूम करून हातभरावरून घ्या, बोट दाबून फोकस लॉक करा. लेन्स आधी पुसा.

लेन्सची काच आकाशाकडे उघडी ठेवली तर तीही गवतासारखीच गार होऊन तिच्यावर दव धरतं. फोटो काढत नसाल तेव्हा झाकण लावा, हूड (लेन्सपुढचा आडोसा) काढू नका. परतताना हीटर लावलेल्या गाडीत किंवा खोलीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका. नाहीतर गार काचेवर आणि आतही पाणी धरतं. कार्ड मात्र आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायला थांबावं लागत नाही. जादा बॅटरी आतल्या खिशात. बसायला पोतं किंवा प्लास्टिकचा तुकडा न्या.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. तुम्हाला जे सुंदर दिसतं ते शेतकऱ्याचं नुकसान असतं. उमललेल्या स्ट्रॉबेरीच्या फुलाला उणे एक अंशाच्या आसपास इजा होते. पाकळ्या पांढऱ्याच राहतात, पण मधला पिवळा भाग काळा पडतो आणि त्या फुलाचं फळ धरत नाही. गोठलेलं फळ ऊन लागल्यावर मऊ पडतं, बाजारात जात नाही. म्हणून वाफ्यात शिरण्याआधी विचारा, दोन वाफ्यांमधल्या सरीतूनच चाला, ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका, पान वळवून बघू नका; गोठलेलं पान ठिसूळ असतं, दाबलं तिथे काळा डाग पडतो. परवानगी नसेल तर बांधावरचं गवत आणि तारेवरची कोळ्याची जाळी पुष्कळ देतात. सातपुड्यात तोरणमाळ आणि अक्कलकुव्यातल्या डाब परिसरातही दव गोठतं. तिथे गर्दीही कमी.

इंग्लंड-अमेरिकेतून विचारणाऱ्या मराठी मंडळींसाठी उत्तर बरंच सोपं आहे. तुमच्या अंगणातच हे सगळं होतं, फक्त शरद ऋतूत बागेची साफसफाई अर्धवट सोडा. हायड्रेंजियाचे वाळके गुच्छ, बडीशेपेच्या छत्र्या, गुलाबाची लाल फळं, केलची कुरळी पानं तशीच उभी ठेवा. खुरट्या, सपाट कापलेल्या बागेत हिमाला धरायला कडा उरत नाहीत. पाणी फवारून हिम तयार करायला जाऊ नका. त्यातून गुळगुळीत काचेचा लेप मिळतो, सुया मिळत नाहीत, आणि झाडाला ओझं होतं ते वेगळंच. छाटणी वसंताच्या तोंडावर, नवे कोंब दिसू लागले की करा.