पणत्यांची दुपार

आज दुपारी गच्चीवर मुलांबरोबर पणत्या रंगवल्या. परवा रात्री २ डझन पणत्या बादलीत भिजत घातल्या, काल दिवसभर उन्हात वाळवल्या. भिजवलेली पणती तेल कमी पिते, हे आईनं शिकवलेलं. पाण्यात टाकल्यावर त्या बुडबुडे सोडत कशा चुरचुरतात, ते ऐकायला पोरं बादलीवर ओणवी झाली होती!

कोरी माती पोस्टर कलर शोषून घेते, म्हणून आधी पांढऱ्याचा एक हात. वातीची चोच कोरीच ठेवली, तिथं ज्योत लागते. मग धाकटीनं कापसाच्या काडीनं ठिपके दिले, एकेका ठिपक्याला श्वास रोखून. तिच्याच पणतीच्या काठाचा टवका उडाला. तिनं तिथं पिवळा ठिपका दिला आणि म्हणाली, "आई, वसुबारसेला पहिली हीच लावायची हं."

उंबऱ्याशी तिची जागा राखून ठेवलीय.