टॅप बघायचा तर पाय दिसलेच पाहिजेत!

जुन्या हॉलिवूड म्युझिकल कॉमेड्यांमधली स्टोरी माझ्या फारशी लक्षात राहत नाही, गैरसमज होतो, भांडण होतं, शेवटी जोडी जमते, बास. मी ते पिक्चर टॅप डान्ससाठी, म्हणजे बुटांनी जमिनीवर ताल वाजवत करायच्या नाचासाठी बघते, आणि नाचणारा माणूस डोक्यापासून बुटापर्यंत दिसलाच पाहिजे हे माझं ठाम मत आहे. त्या काळचा नाचणारा मोठा स्टार फ्रेड अ‍ॅस्टेअर, त्याचा तर हट्टच असायचा की पूर्ण अंग फ्रेममध्ये हवं आणि कट कमीत कमी हवेत. कट मारला की चूक झाकता येते, सलग शॉटमध्ये कुठे लपणार? १९३६ च्या 'स्विंग टाइम'मधल्या शेवटच्या नाचाचे ४० च्या वर टेक झाले, त्याची जोडीदार जिंजर रॉजर्स हिच्या पायातून रक्त आलं, तरी पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही.

टॅपच्या बुटाच्या चवड्याखाली आणि टाचेखाली धातूची पट्टी असते, तिचा तो टकटक आवाज. पण पिक्चरमध्ये ऐकू येतो तो बहुतेक वेळा सेटवरचा नसतोच, शूटिंग झाल्यावर पडदा बघत बघत पुन्हा टॅप करून रेकॉर्ड करायचे! जिंजरचे टॅप तर बऱ्याचदा कोरिओग्राफर हर्मीस पॅनने वाजवलेत. म्हणजे एकच नाच दोनदा, आणि दोन्ही वेळा तालात.

माझा सगळ्यात लाडका नाच म्हणजे 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०' मधला, अ‍ॅस्टेअर आणि टॅप नाचणारी नटी एलेनॉर पॉवेल, 'बिगिन द बिगीन' गाण्यावर. आरशासारखी चकचकीत काळी जमीन, आणि मग ऑर्केस्ट्रा थांबतो आणि नुसते चार पाय बोलायला लागतात. कथकमध्ये साथ थांबवून नुसती तत्कार सुरू झाली की कसे आपण आपोआप सरसावून बसतो, अगदी तसं होतं. पॉवेल कुठेही त्याच्या मागे नाही, बरोबरीने वाजवते आणि हसत हसत वाजवते. दोघांचा एकत्र असा हा एकच पिक्चर, याची मला खरंच हळहळ वाटते.

आणि निकोलस ब्रदर्स! फेयार्ड आणि हॅरॉल्ड, दोघे कृष्णवर्णीय भाऊ. क्लासबिस काही नाही, आईवडील फिलाडेल्फियाच्या थिएटरात वाजवायचे, तिथे स्टेजवरचे मोठमोठे नाचणारे बघून बघून शिकले. टॅप हा मुळात कृष्णवर्णीयांच्या पायांत घडलेला नाच, त्यात आयरिश जिग आणि इंग्लिश क्लॉग हे लोकनाच मिसळलेले, पण हॉलिवूडने या दोघांना कथेत जागाच दिली नाही. त्यांचा नाच मुद्दाम सुटा ठेवायचे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, वर्णभेद पाळणाऱ्या भागातल्या थिएटरांत तेवढा कापून टाकता यावा. १९४८ मध्ये 'द पायरेट'मध्ये गोरा स्टार जीन केली त्यांच्यासोबत नाचला तर तिकडे काही ठिकाणी तोही कापला. राग येतो वाचून.

१९४३ चा 'स्टॉर्मी वेदर' मात्र मिळेल तिथे बघाच. कॅब कॅलोवेचा बँड वाजतोय, हे दोघं वादकांच्या मधून उड्या मारत जातात, पियानोवर चढतात, आणि मग त्या मोठ्या पायऱ्या. एक जण दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर थेट स्प्लिटमध्ये (पाय पुढे-मागे सरळ पसरून), मग दुसरा पहिल्यावरून, असं करत करत खालपर्यंत, आणि स्प्लिटमधून उठताना हात जमिनीला लावायचा नाही. पहिल्यांदा पाय बघा, दुसऱ्यांदा फक्त फेयार्डचे हात बघा, काय सुंदर फिरतात ते. आणि हेडफोन लावा प्लीज, मोबाइलच्या स्पीकरवर अर्धे टॅप ऐकूच येत नाहीत.