धोटा पोचला का नाही ते मागाला कळतं, कॅमेऱ्याला नाही

मागच्या आठवड्यात आमच्या हेल्परनं पॅनेलरूममधून हाक मारली, "सर, कॅमेऱ्यात अर्धी मोटर दिसायलीय." मी म्हटलं दिसणारच की, थर्मल कॅमेरा आहे, गरम मोटर समोर धरली तर काय दिसणार दुसरं. तर म्हणतो, "भिंतीकडं धरलोय."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या फौंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) मी मेंटेनन्स बघतो तिथं हातात मावेल एवढा एक थर्मल कॅमेरा आहे, पॅनेलमधला ढिला लग (वायरच्या टोकाची कडी), तापलेलं बेअरिंग असलं काहीबाही बघायला. तो भिंतीकडं धरला तरी मोटर, छताकडं धरला तरी मोटर, तीही डावीकडची अर्धीच आणि उलटी म्हणजे गरम जागा गार दाखवणारी, जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखी. हेल्परच्या मते भूत. मला मात्र त्या 'अर्धी'नं ट्यूब पेटली.

या कॅमेऱ्याचा सेन्सर ८ ते १४ मायक्रॉनच्या उष्णतेच्या किरणांवर चालतो, आणि त्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतःच्या गरमीनंही थोडा थोडा सरकत असतो, म्हणून दर थोड्या वेळानं आत 'टिक्' असा आवाज येतो बघा, तेव्हा एक काळं पातं सेन्सरसमोर येतं. पातं सगळीकडं सारखंच तापलेलं, त्यामुळं त्या क्षणी सगळ्या पिक्सेलनी सारखंच दाखवलं पाहिजे, जो वेगळं दाखवेल त्याची चूक सॉफ्टवेअर लिहून ठेवतं आणि पुढच्या चित्रांतून वजा करतं. आता पातं अर्ध्यावरच अडकलं तर? उघड्या राहिलेल्या अर्ध्या भागातून मोटर दिसतेय आणि सॉफ्टवेअरला वाटतंय ही पिक्सेलची चूक, मग ते बिचारं पुढं जाईल तिथं मोटर वजा करत बसतं. झालं भूत.

वॉरंटी केव्हाच संपलेली, म्हणून रविवारी घरी आणून उघडला. आत तुरीच्या दाण्याएवढं गोल चुंबक, त्याच्या बाजूला कॉइल, चुंबकाला एक दांडी आणि दांडीची पिन पात्याच्या खाचेत. कॉइलला एकीकडून करंटचा झटका दिला की पातं बंद, उलटा दिला की उघडं, आणि टोकाला गेल्यावर लोखंडाच्या पट्टीला चुंबक ओढून धरतं त्यामुळं करंट बंद केला तरी पातं जागेवर राहतं, बॅटरी वाचते. डिझाइन झकास. पण भिंगातून बघितलं तर चुंबकाच्या एका अंगाला बारीक काळी दाढी उगवलेली. फेटलिंग आणि शॉटब्लास्टिंगची, म्हणजे ओतीव माल घासताना आणि छर्रे मारून साफ करताना उडणारी लोखंडी भुकटी! फौंड्रीत चुंबक उघड्यावर ठेवलं की दुसरं काय होणार. बंद होताना पातं त्या दाढीवर अडायचं, उघडताना मात्र सुळकन जायचं.

ब्लू टॅक (पोस्टर चिकटवायची चिकट लांबी) लावून लावून दाढी काढली, पातं चालू झालं. पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला, की पातं पोचलं का नाही हे बघायला आत काहीच नाही. झटका दिला म्हणजे पोचलं, असं धरूनच चाललेत सगळे.

मी टेबलावर हा पसारा मांडून बसलेलो तोवर बाबा आले. बाबांनी वडगावात तीस वर्षं कापड विणायचा माग चालवला. "काय करालैस रे?" म्हणून वाकून बघितले, मी सगळं सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे हेच्यापेक्षा आमचा माग शहाणा." खरंय की. धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडं पळणारी लाकडी होडी, कडेच्या पेटीत शिरला की तिथली पट्टी बाजूला ढकलतो, त्यानं खालची जीभ उचलली जाते आणि माग पुढं चालतो. धोटा मध्येच राहिला तर जीभ उचलत नाही आणि माग धाडकन थांबतो, नाहीतर धोट्यासकट फणी ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, आपटून शेकड्यानं धागे तुटतील. वीजबीज काही नाही, नुसतं लोखंड आणि लाकूड.

मग कॅमेऱ्याला अशी जीभ कुठली लावायची यावर माझी रात्र गेली. पहिली आठवण प्रिंटरमध्ये असतो त्या यू आकाराच्या फोटोइंटरप्टरची, एका पायात इन्फ्रारेड एलईडी, दुसऱ्यात फोटोट्रान्झिस्टर, मध्ये पातं आलं की उजेड तुटला. खुद्द पात्याचीच खबर देतो म्हणून सगळ्यात प्रामाणिक. पण इथं त्याला उभं राहायला जागा नाही, आणि एलईडीचा ९४० नॅनोमीटरचा उजेड या सेन्सरला दिसत नसला तरी एलईडीची गरमी सेन्सरच्या शेजारी नको. पात्यावर उजेड टाकून परत येतो का बघणारा रिफ्लेक्टिव्ह सेन्सर लहान मिळतो, पण पातं मुद्दाम काळं आणि मॅट केलेलं, परत काय येणार कप्पाळ.

राहिला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकत्व ओळखणारा. चुंबक आयतंच आहे, ते फिरलं की सेन्सरचं व्होल्टेज बदलणार. एक जुना लिनिअर हॉल (चुंबकत्वाच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा) होता तो डबल टेपनं चिकटवला, ३.३ व्होल्ट दिले. पातं उघडं असताना २.१ च्या आसपास, बंद असताना १.२, आणि काडीनं मध्ये अडवलं तर बरोब्बर १.६ वर अडकून! पहिल्यांदा आकडे वेड्यासारखे नाचत होते, अर्धा तास गेला तेव्हा कळलं की करंटचा झटका चालू असताना कॉइलचंही चुंबकत्व सेन्सरला लागतं, झटका संपल्यावर पाच-दहा मिलिसेकंद थांबून वाचलं की गप्प. आणि एक गंमत, चुंबक अजिबात नसेल तरी हा सेन्सर निम्म्या व्होल्टेजवर म्हणजे १.६५ वरच बसतो, तेव्हा मधला आकडा आला तर 'अडकलंय' एवढंच नाही, 'चुंबकच निखळलंय' असाही अर्थ होऊ शकतो.

मी खुशीत बाबांना मीटर दाखवला. त्यांनी चहा फुंकत विचारलं, "धोटा पोचला, पण सूतच तुटलेलं असलं तर?"

घ्या. मागात त्यासाठी वेगळा काटा असतो, तो धोट्याला विचारत नाही, सुताला शिवून बघतो. माझा हॉल फक्त चुंबकाला विचारतोय, उद्या पिन खाचेतून सुटली तर चुंबक ऐटीत फिरेल, १.२ व्होल्ट येईल आणि पातं तिथंच लोंबकळत असेल.

त्यावर रात्री अकराला सुचलं की काटा तर कॅमेऱ्यात आधीच आहे, सेन्सर स्वतः. पातं आलं की चित्रातला फरक पुसला गेला पाहिजे. झटक्याच्या आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून बघायचं, नंतरही मोटरची कड तशीच दिसत असेल तर त्या वेळची वजाबाकी रद्द करायची. समोर कोरी भिंत असली तर फसेल, तेव्हा हॉलचं ऐकायचं. पण हे करायला कंपनीचं सॉफ्टवेअर उघडावं लागेल आणि ते काय आपल्या हातात नाही, म्हणून सध्या केसच्या फटींवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावलीय आणि कॅमेरा फेटलिंगकडं न्यायचा नाही असं हेल्परला सांगितलंय. तो अजून भूतच म्हणतो.