पुण्याचं पान, सोलापूरचं ऊन

आफ्रिकन व्हायोलेट म्हणजे घरात कुंडीत लावायचं छोटं फुलझाड. पहिलं मी पाण्यानं मारलं. सगळ्यांना सांगितलं मात्र ऊन लागलं म्हणून! रोज वरून पाणी घालायची, ते गाभ्यात साचायचं. पंधरा दिवसांत मधला कोंब कुजून हातात आला.

मग संक्रांतीला, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला पुण्याहून आलेल्या बहिणीनं ओल्या फडक्यात गुंडाळून एक पान आणलं. देठ इंचभर ठेवून तिरका कापला, कोकोपीट-परलाइटमध्ये, म्हणजे नारळाचा भुसा आणि हलक्या पांढऱ्या खड्यांच्या मिश्रणात, खोचला आणि वर पारदर्शक पिशवी घातली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पानाला काय मुळं फुटतेत व्हय?" फुटली. होळीनंतर देठापाशी मेथीच्या पानाएवढी पिल्लं दिसली.

नावात व्हायोलेट असलं तरी हे खऱ्या व्हायोलेटच्या कुळातलं नाही. मूळचं टांझानिया-केनियाच्या डोंगरातलं, दाट सावलीत ओल्या खडकांवर वाढणारं. १८९२ मध्ये सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्यानं ते युरोपात धाडलं, म्हणून सेंटपॉलिया. त्याला मानवतं १८ ते २७ अंश, आणि आमच्याकडे एप्रिलात पारा बेचाळिशी गाठतो.

कुंडी पूर्वेच्या खिडकीतून काढून मधल्या खोलीत, जमिनीवर ठेवली. खाली ओल्या खड्यांची ताटली. उन्हाळाभर खत बंद; फुलं नकोत, जगलं तरी पुरे.

पाण्याचा घोळ निराळाच. नळ चार-पाच दिवसांआड, म्हणून वात लावायची ठरवली: कुंडीच्या भोकातून धागा खालच्या डब्यातल्या पाण्यात. टॉवेलच्या कारखान्यातून सुती धागा आणला. म्हटलं, सोलापुरात सुताला काय तोटा! तो महिन्यात कुजला. शेवटी जुन्या स्वेटरची ॲक्रिलिक लोकर उसवली, ती अजून टिकून आहे. फक्त क्षारांचा पांढरा थर कुंडीच्या काठावर चढतो आणि देठ तिथं टेकला की गळतो. म्हणून महिन्यातून एकदा कडेकडेनं भरपूर पाणी ओतून सगळं खाली वाहू देते. पानांवर थेंब पडू देत नाही. त्या लवेवर गार पाण्याचे डाग पडतात, ते जात नाहीत.

पावसाळ्यात पिल्लं वेगळी केली, चहाच्या कपाएवढ्या कुंड्यांत. मोठी कुंडी दिली की नुसती ओल धरते. दोन गेली, तीन राहिली. दिवाळीचा फराळ करताना खिडकीकडे बघितलं, तर एकीच्या पानांआडून जांभळी कळी वर आली होती. चकली तेलात तशीच राहिली, करपली.